दोन ठाण्यांची कौंटी आणि सम्नरची कचेरी

तालुक्याची कचेरी कोणाला ठाऊक नाही? सातबाराचा उतारा काढायचा, फेरफार नोंदवायचा, दाखला घ्यायचा, साक्षीला उभे राहायचे, म्हणजे पाय तिकडे वळवावेच लागतात. कचेरीच्या आवारात एखादे झाड असते, झाडाखाली अर्ज लिहून देणारा बसलेला असतो, आणि खेड्यातून आलेला माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्या नावाचा पुकारा कधी होतो याची वाट पाहत असतो. अशीच एक कचेरी आज तुम्हांला दाखवायची आहे. मात्र ती आहे फार लांब, अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नावाच्या राज्यात.

अमेरिकेत राज्याच्या खालचा कारभाराचा घटक म्हणजे कौंटी. तिला जिल्हा म्हणावे तर ती आपल्या जिल्ह्याच्या मानाने फारच लहान, आणि तालुका म्हणावे तर अधिकार तालुक्याहून पुष्कळ जास्त. कौंटीचा शेरीफ म्हणजे पोलीस अधिकारी. तो लोकांनी मते देऊन निवडलेला असतो. कारभार पाहणारे मंडळही निवडलेलेच. ज्या गावी कौंटीची कचेरी, ते गाव तिचे मुख्य ठाणे. आपण ज्या कौंटीत जाणार आहोत तिचे नाव टॅलाहॅची. हे नाव तिथल्या नदीचे, आणि नदीला ते मिळाले तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून. १८३३ साली ही कौंटी स्थापन झाली. ज्यांनी नदीला नाव दिले, त्या चोक्टॉ लोकांना आपला मुलूख सोडून पश्चिमेकडे जावे लागले, तीही वर्षे हीच.

ह्या कौंटीची एक गंमत अशी, की तिला ठाणी दोन आहेत. पूर्वेकडे टेकड्यांचा भाग, तिथे चार्ल्सटन. पश्चिमेकडे नदीने गाळ टाकून केलेली सपाट काळी जमीन, तिथे सम्नर. पूर्वी नदीला पूर आला की एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूच्या कचेरीत जाता येत नसे. म्हणून दोन्ही तीरांवर एकेक कचेरी बांधली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले म्हणून ज्यांची तारीख चुकली आहे, त्यांना ह्या सोयीचे मोल सांगायला नको!

सम्नरची कचेरी विटांची आहे. रुंद कमानी, जाड भिंती, कोपऱ्यावर बुरुजासारखा मनोरा. १९०२ च्या सुमारास ती बांधली, काही वर्षांतच आग लागून ती जळाली, आणि १९१० च्या सुमारास पुन्हा उभी राहिली. वरच्या मजल्यावर न्यायासनाची मोठी खोली आहे. समोर हिरवळ. त्या हिरवळीवर १९१३ साली एक पुतळा उभारला तो यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या सैनिकांचा. गुलामगिरी टिकावी म्हणून जी राज्ये अमेरिकेतून फुटून निघाली, त्यांचे हे सैनिक. १८६१ ते १८६५ चालले ते युद्ध. त्याचा धागा आपल्याकडेही येऊन पोहोचला होता. दक्षिणेचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. मुंबईत कापसाच्या भावाने पैशाचा पूर आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. मुंबई आणि टॅलाहॅची एकाच सुताने बांधलेली होती म्हणा ना.

गुलामगिरी कायद्याने गेली, पण जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली. सुटलेले काळे लोक त्याच जमिनीवर वाट्याने कापूस पिकवू लागले. आपल्याकडे बटई किंवा अर्धली म्हणतात, तोच प्रकार. बी-बियाणे मालकाचे, खावटी मालकाच्या दुकानातून उधार, आणि हिशेबाची वही मालकाच्या हाती. वर्षअखेर हिशेब होई, तेव्हा कष्ट करणाऱ्याच्या हातात चार पैसे पडत, नाहीतर डोक्यावर उलटे कर्ज राही. वहीत काय लिहिले आहे ते विचारण्याची सोय नव्हती. १९५० च्या शिरगणतीत कौंटीची लोकसंख्या सुमारे ३० हजार होती. त्यांत दर शंभरांत साठाहून अधिक लोक काळे.

आता १९५५ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात शिकागो शहरातून एमेट टिल नावाचा १४ वर्षांचा एक काळा मुलगा सुटीत मिसिसिपीत आला. त्याच्या आईच्या मावशीच्या यजमानांचे, मोझ राइट ह्यांचे घर शेजारच्या लफ्लोर कौंटीत मनी ह्या वस्तीजवळ होते. मोझ राइट ६४ वर्षांचे, वाट्याने कापूस करणारे शेतकरी. पूर्वी धर्मोपदेशही करीत, म्हणून लोक त्यांना त्याच मानाने हाक मारीत. आईने मुलाला निघताना बजावले होते, की तिकडे रीत वेगळी आहे, गोऱ्यांशी जपून वागायचे. पण १४ वर्षांचे पोर ते, आणि थट्टेखोर. २४ ऑगस्टला भावंडांबरोबर तो एका गोऱ्याच्या किराणा दुकानात गेला. दुकानात दुकानदाराची तरुण बायको होती. बाहेर आल्यावर तिला पाहून त्याने शीळ घातली, असे बरोबरच्या भावंडांनी पुढे सांगितले. एवढेच.

२८ ऑगस्टला, रविवारी पहाटे अडीचच्या सुमारास, दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम हे मोझ राइटांच्या दारात आले. एकाच्या हातात पिस्तूल आणि बॅटरी. शिकागोच्या मुलाला बाहेर काढा, म्हणाले. म्हाताऱ्याने विनवण्या केल्या, म्हातारीने पैसे देऊ केले. त्यांनी मुलाला उठवले, कपडे घालायला लावले आणि नेले. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत मासे धरायला गेलेल्या एका मुलाला ते प्रेत दिसले. गळ्याला काटेरी तारेने जिनातला एक जड लोखंडी पंखा बांधलेला होता. सुमारे ७५ पौंड वजनाचा. ज्या यंत्राने रुईतून सरकी वेगळी होते, त्या यंत्राचा तो पंखा. चेहरा ओळखू येत नव्हता. बोटातली अंगठी मोझ राइटांनी ओळखली. तिच्यावर मुलाच्या वारलेल्या बापाची अक्षरे होती.

शेरीफाचे म्हणणे पडले, की इथेच ताबडतोब पुरून टाका. खड्डाही तयार झाला. पण शिकागोहून आईने, मेमी टिल ह्यांनी, हट्ट धरला की माझा मुलगा मला हवा. पेटी पाठवली ती उघडायची नाही ह्या अटीवर, कुलूपबंद. बाईंनी ती उघडायला लावली. इतकेच नव्हे, तर अंत्यविधीच्या वेळीही पेटी उघडी ठेवली, आणि माझ्या मुलाचे काय केले ते जगाला पाहू द्या, असे सांगितले. हजारो लोक देवळाबाहेर रांगा लावून उभे राहिले. काळ्या लोकांच्या नियतकालिकांनी छायाचित्रे छापली. त्या आईच्या धीराबद्दल मी अधिक बोलत नाही. श्रोत्यांत आया आहेत.

प्रेत टॅलाहॅची कौंटीच्या हद्दीत, पश्चिम भागात सापडले, म्हणून खटला सम्नरच्या कचेरीत आला. ह्या गावची वस्ती तेव्हा पाच-सहाशे. गावाच्या वेशीवर पाटी होती, तिचा अर्थ असा, की मुलगा वाढवावा तर ह्या गावी! त्या पाटीचे छायाचित्र त्या आठवड्यात पुष्कळ वार्ताहरांनी काढले.

१९ सप्टेंबरला खटला उभा राहिला. कापूस वेचणीचे दिवस, आणि उकाडा असा की वरच्या खोलीत श्वास घेववेना. छताला दोनच पंखे. माणसे दाटीवाटीने बसलेली, भिंतीला टेकून उभी राहिलेली. गोऱ्या वार्ताहरांना न्यायाधीशाजवळ जागा. काळ्या वार्ताहरांना बाजूला एक पत्ते खेळण्याचे टेबल. डेट्रॉइटहून चार्ल्स डिग्ज नावाचे काळे लोकसभासद आले होते, म्हणजे साऱ्या देशाच्या कायदेमंडळाचे सभासद, पण त्यांनाही त्याच टेबलाशी बसावे लागले. शेरीफ एच. सी. स्ट्रायडर रोज सकाळी त्या टेबलावरून जाताना जो शब्द उच्चारी, तो मला रेडिओवर उच्चारता येणार नाही.

खटल्याचे न्यायाधीश कर्टिस स्वँगो, आणि सरकारी वकील जेराल्ड चॅटम, दोघेही गोरे, दोघेही त्याच भागातले. दोघांबद्दल काळ्या वार्ताहरांनीही चांगलेच लिहिले आहे. चॅटम ह्यांनी खटला मनापासून चालवला. पुढल्याच वर्षी ते वारले. उलट सम्नर गावात वकिली करणारे पाच जण होते, ते पाचही आरोपींच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या खर्चासाठी दुकानांतून डबे ठेवून पैसे गोळा केले होते.

आता निकाल देणारे कोण? तिथे गुन्हा घडला की नाही हे ठरवतात ते बारा पंच, म्हणजे ज्यूरी. आपल्याकडेही पूर्वी ही पद्धत होती. मुंबईच्या नानावटी खटल्याची आठवण वडीलधाऱ्यांना असेल. १९५९ साली त्या खटल्यात आठ पंचांनी निर्दोष म्हटले, एकाने दोषी. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले, आणि तिथे शिक्षा झाली. १९७३ च्या फौजदारी संहितेनंतर आपल्याकडे ज्यूरी उरली नाही. मिसिसिपीत मात्र न्यायाधीशाला असा हात घालता येत नव्हता. पंचांनी एकदा निर्दोष म्हटले की प्रकरण मिटले. त्याच गुन्ह्यासाठी त्याच माणसावर दुसऱ्यांदा खटला नाही. म्हणून पंच कोण, ह्यावर सगळे होते.

आणि श्रोतेहो, इथे जरा थांबून नीट पाहायला हवे. गुरुजी मंडळींनी तर विशेष लक्ष द्यावे, कारण नागरिकशास्त्राचा ह्याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

पंच निवडायचे ते मतदारांच्या यादीतून. बायकांना पंच होण्याची मुभाच नव्हती. मिसिसिपीत ती १९६८ साली मिळाली. राहिले पुरुष. पण टॅलाहॅची कौंटीच्या मतदार यादीत १९५५ साली एकही काळा मनुष्य नव्हता. साठ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या काळी, आणि यादीत एकही नाही! हे कसे घडले? कायद्यात कुठेही काळ्यांना मत नाही असे लिहिलेले नव्हते. उलट १८७० सालच्या दुरुस्तीने देशाच्या घटनेत वर्णावरून मत नाकारू नये असे स्पष्ट म्हटले होते. मग मिसिसिपीने १८९० साली स्वतःची नवी घटना केली. तिच्यात दोन गोष्टी घातल्या. एक, मत द्यायचे तर वर्षाला दोन डॉलर डोईपट्टी भरा. वाट्याने शेती करणाऱ्याला दोन डॉलर ही सहज हाताला लागणारी रक्कम नव्हे. दुसरी, घटनेतले एखादे कलम वाचून दाखवा किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार कचेरीतला कारकून. १९५४ मध्ये ह्यात आणखी भर घालून वाचनही हवे, अर्थही हवा, आणि तो लेखी हवा, असे केले.

म्हणजे पाहा. गोरा अर्जदार आला तर त्याला सोपे कलम द्यायचे, काळा आला तर असे कलम द्यायचे की वकिलाला घाम फुटावा. आणि त्याने अचूक अर्थ लिहिला तरी कारकुनाने मान हलवली की झाले. वर पुन्हा त्याचे नाव मालकाच्या कानावर जाणार, आणि संध्याकाळपर्यंत घर खाली करा म्हणून निरोप येणार. डोईपट्टी वसूल करण्याचे काम शेरीफाकडे. नोंद करणारा कारकून बसे तो कचेरीत. ज्या कचेरीत न्याय व्हायचा, त्याच कचेरीच्या एका टेबलावर यादी तयार व्हायची. आणि त्या टेबलावर जे ठरले तेच वरच्या मजल्यावर बारा खुर्च्यांत येऊन बसायचे. ह्या खटल्याचा निकाल २३ सप्टेंबरला लागला असे पुस्तकात लिहितात. मला विचाराल तर तो पासष्ट वर्षे आधीच लागलेला होता.

पंच बाराही गोरे पुरुष. बहुतेक शेतकरी.

पण खटला झाला, आणि त्यात जे घडले ते ह्या यादीला ओलांडून गेले. सरकार पक्षाने मोझ राइटांना साक्षीला उभे केले. गेले तीन आठवडे म्हाताऱ्याची बायको जिवाच्या भीतीने शिकागोला निघून गेली होती. ते स्वतः मात्र थांबले होते. घरी झोपायची सोय नव्हती, कोण केव्हा येईल ह्याचा नेम नव्हता. सरकारी वकिलाने विचारले, त्या रात्री तुमच्या दारात आलेला माणूस इथे आहे काय? असेल तर दाखवा. मोझ राइट साक्षीदाराच्या खुर्चीवरून उठून उभे राहिले, हात लांब केला, आणि मायलमकडे बोट दाखवले. मग ब्रायंटकडे. खोलीत चिडीचूप. एका काळ्या छायाचित्रकाराने, अर्नेस्ट विदर्स ह्यांनी, मनाई असताना लपून ते चित्र टिपले. पांढरा सदरा, सरळ ताणलेला हात. ते चित्र आज अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत असते. मिसिसिपीत एका काळ्या माणसाने भर न्यायालयात गोऱ्या माणसावर खुनाचे बोट रोखणे म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

दुसरा साक्षीदार विली रीड, १८ वर्षांचा शेतमजूर. पहाटेच्या वेळी एका मळ्यातल्या कोठारातून मारहाणीचा आणि ओरडण्याचा आवाज त्याने ऐकला होता, आणि कमरेला पिस्तूल लावलेला मायलम पाण्याच्या पंपाशी आलेला पाहिला होता. तो इतक्या हळू बोले की न्यायाधीशांना पुन्हा पुन्हा मोठ्याने बोल म्हणावे लागले. पण जे पाहिले ते त्याने सांगितले. हे साक्षीदार सापडले कसे, ह्याचीही एक हकीकत आहे. टी. आर. एम. हॉवर्ड नावाचे काळे डॉक्टर माउंड बायू गावी राहत. काळ्यांनीच वसवलेले, काळ्यांनीच चालवलेले असे ते गाव. खटल्यासाठी आलेल्या मेमी टिल त्यांच्याकडेच उतरल्या होत्या. काळे वार्ताहर आणि डॉक्टरांची माणसे रात्री शेतमजुरांचे कपडे घालून मळ्यामळ्यांतून साक्षीदार शोधत फिरली.

आईची साक्ष झाली. हे माझेच मूल, असे तिने सांगितले. त्यावर बचावाच्या बाजूने शेरीफ स्वतः उभा राहिला! प्रेत पाण्यात पुष्कळ दिवस पडलेले दिसत होते, ते कोणाचे हे सांगता येत नाही, असे त्याने सांगितले. ज्याने तपास करायचा, तोच आरोपींचा साक्षीदार. बचावाच्या वकिलांनी ह्याच्यावरच बोट ठेवले: मुलगा मेलेलाच नाही, हा सगळा उत्तरेकडच्या लोकांचा कट आहे. (२००५ साली प्रेत उकरून तपासणी झाली. ते एमेट टिलचेच होते.)

पंच खोलीत गेले आणि ६७ मिनिटांनी बाहेर आले. निर्दोष. मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर इतकाही वेळ लागला नसता, असे एका पंचाने वार्ताहरांना सांगितले. नोव्हेंबरात लफ्लोर कौंटीच्या पंचमंडळाने मूल पळवून नेल्याचा आरोपही चालवायचा नाही असे ठरवले. वास्तविक मुलाला घरातून नेले एवढे तर त्या दोघांनी कबूलच केले होते. पुढे जानेवारी १९५६ मध्ये एका मासिकाकडून काही हजार डॉलर घेऊन दोघांनी खून आपणच केला हे सांगून टाकले. आता पुन्हा खटला होणार नव्हता.

मोझ राइट खटल्यानंतर मिसिसिपी सोडून गेले. गुरे विकली, कापूस शेतात उभा, आणि आगगाडीने शिकागो. विली रीडही गेला. तिथे पोहोचल्यावर त्याला मनाचा आजार झाला. पुढे त्याने आडनाव बदलले, एका इस्पितळात नोकरी केली, आणि कित्येक वर्षे आपल्या बायकोलाही ही साक्ष सांगितली नाही. २०१३ साली तो वारला. मेमी टिल पुन्हा शाळेत बसल्या, १९६० साली शिक्षिकेची पदवी घेतली आणि शिकागोच्या सरकारी शाळांतून वीस वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकवले. आणि त्या किराणा दुकानाचे म्हणाल तर, गिऱ्हाईक बहुतेक काळेच होते. त्यांनी पायरी चढणे सोडले. दुकान बसले. मालकाला कोर्टाने सोडले, पण त्याच्या गल्ल्याने सोडले नाही.

सम्नरच्या कचेरीत पुढे पन्नास वर्षे ह्या गोष्टीचा उच्चार होत नसे. भिंतींना रंग दिले, खुर्च्या बदलल्या, खोलीचे रूप बदलले. कापूस वेचायला यंत्रे आली, माणसांची गरज संपली, लोक उत्तरेला गेले. १९५० ची तीस हजार वस्ती २०२० च्या शिरगणतीत १२,७१५ वर आली. म्हणजे सारी कौंटी मिळून आपल्याकडच्या एका मोठ्या बाजारगावाएवढी. मध्यंतरी मतदार यादीत फरक पडत होता. १९६० नंतरच्या वर्षांत देशाच्या सरकारने ह्याच कौंटीच्या शेरीफावर डोईपट्टी घेण्यात भेदभाव केल्याचा खटला भरला. १९६५ च्या मताधिकार कायद्याने ती वाचन-अर्थाची परीक्षा गेली. नावे यादीत चढू लागली, हळूहळू.

त्या यादीतूनच एके दिवशी जेरोम लिटल नावाचे काळे गृहस्थ कौंटीच्या कारभारी मंडळाचे अध्यक्ष झाले, तो मान मिळवणारे पहिलेच. २००६ साली त्यांच्या पुढाकाराने काळ्या-गोऱ्यांची मिळून एक समिती नेमली गेली. सोपे काम नव्हते. गोऱ्या कुटुंबांना जुनी लाज उकरायला नको होती, आणि काळ्यांतही पुष्कळांना वाटत होते की पन्नास वर्षांनी शब्द घेऊन काय करायचे? शाळेला पैसा नाही, कामधंदा नाही, त्याचे पाहा. त्यांचेही चूक नव्हते. तरी २ ऑक्टोबर २००७ रोजी कचेरीच्या दाराशी, त्या जुन्या पुतळ्याजवळ, टिल कुटुंबाच्या माणसांसमोर ठराव वाचला गेला. ह्या कौंटीत न्याय झाला नाही, तो करण्यात आम्ही कमी पडलो, आणि तुमच्या माणसाचे जे झाले त्याचे आम्हांला दुःख आहे, असा त्याचा आशय.

नदीकाठी समितीने एक पाटी लावली. ती चोरीला गेली. दुसरी लावली, तिच्यावर गोळ्या झाडल्या. तिसरीवरही झाडल्या. २०१९ साली चौथी लावली ती पोलादाची, गोळी लागू न होणाऱ्या काचेची, पाचशे पौंडांहून अधिक वजनाची. ठरावाने सगळे जुळले असे कोणी समजू नये, म्हणून हे सांगितले. २०२३ च्या २५ जुलैला, एमेट टिलच्या जन्मदिवशी, नदीकाठची ती जागा, शिकागोचे ते देऊळ आणि सम्नरची कचेरी ह्या तिन्हींना मिळून राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले गेले.

कचेरीची वरची खोली २०१४-१५ च्या सुमारास पुन्हा १९५५ साली होती तशी केली. पंचांच्या बारा खुर्च्या, साक्षीदाराची जागा, उंच खिडक्या. समोरच्या रस्त्यापलीकडे एका जुन्या दुकानात समितीचे केंद्र आहे. तिथून पाहुण्यांना वर नेतात, बसवतात, हकीकत सांगतात आणि मग त्या ठरावाची प्रत हातात देऊन आळीपाळीने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावतात. शाळेतली मुले येतात, तीही वाचतात. आणि ज्या दिवशी कोर्टाची तारीख असेल, त्या दिवशी पाहुण्यांनी वर जायचे नाही. जमिनीचे, चोरीचे, भांडणांचे दावे त्याच खोलीत चालतात, आणि यादीतून नावे काढून पंचांना बोलावणे धाडतात. त्या यादीत आता दोन्ही वर्णांची, बाया आणि पुरुष, सगळ्यांची नावे असतात.